मोठा टर्बो बसवताना ईसीयू कोणता: फ्लॅश, पिगीबॅक की स्टँडअलोन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी लान्सर इव्होल्यूशन ९, दोन लिटरचे ४जी६३ इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स. मोठा टर्बो आणि मिनिटाला १००० सीसी इंधन देणारे इंजेक्टर घेऊन ठेवलेत, अजून बसवलेले नाहीत. इंजिनवर ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास पोचायचे आहे. गाडी रोजच्या वापरात आहे, अधूनमधून ट्रॅकवर जाते आणि पुढेमागे इथेनॉल मिश्रित इंधनावर जायचा विचार आहे. एक जण म्हणतो मूळ ईसीयूच (इंजिन चालवणारा संगणक) फ्लॅश कर, म्हणजे त्याच्यातलेच आकडे बदल. दुसरा म्हणतो पिगीबॅक लाव, म्हणजे मूळ ईसीयूला जोडून त्याचे सिग्नल बदलणारा डबा. तिसरा म्हणतो सरळ स्टँडअलोन, म्हणजे मूळच्या जागी पूर्ण नवा ईसीयू, घेऊन मोकळा हो. ऐकायचे कोणाचे?

माझे उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. आत्ता मूळ ईसीयू फ्लॅश करा. पिगीबॅक अजिबात नको. इथेनॉलचे नक्की झाले, तेही कमी-जास्त टक्केवारीच्या मिश्रणावर, की मग प्लग-इन, म्हणजे मूळ कनेक्टरातच बसणारा, स्टँडअलोन घ्या आणि त्याच वेळी इंधनाच्या व ऑइलच्या दाबाचे सेन्सर बसवा. पण यातली कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी गाडी ट्यून कोण करणार, म्हणजे ईसीयूतले आकडे कोण जुळवणार, ते ठरवा. ईसीयू त्याच्या हातातला हवा. हे वाक्य मी ज्याला त्याला सांगतो आणि बहुतेक लोक ते कानाआड करून आधी डबा घेतात, मग तो चालवणारा माणूस शोधत फिरतात.

ईसीयूने ताकद वाढते, हा समज आधी डोक्यातून काढू. ताकद हवेतून येते, आणि तुमच्याकडे ती नवा टर्बो देणार आहे. ईसीयू चार गोष्टी ठरवतो: किती इंधन, स्पार्क कधी, इनटेक व्हॉल्व्ह कधी उघडायचे (मायव्हेक) आणि वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणारी झडप) सोलेनॉइडला किती ड्यूटी, म्हणजे तो किती टक्के वेळ चालू. या चारही गोष्टी दोन वेगवेगळ्या ईसीयूंनी तंतोतंत सारख्या दिल्या, तर इंजिन तंतोतंत सारखीच ताकद देईल. त्याला डब्यावरचे नाव कळत नाही. म्हणून निवड करताना प्रश्न वेगळे विचारायला हवेत. येणारी हवा या ईसीयूला नीट मोजता येते का? मोजल्यावर योग्य ती आज्ञा देता येते का? आणि काही बिघडले तर इंजिन वाचवता येते का? पहिल्या दोन प्रश्नांना तुमचा मूळ ईसीयू अजून पुरा पडतो. तिसऱ्यात तो कमी पडतो, आणि स्टँडअलोनचे खरे मोल तिथेच आहे.

आता तुमच्या गाडीचे गणित मांडू. टर्बो पेट्रोल इंजिनला फुल बूस्टवर (बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरतात. ४०० हॉर्सपॉवरला १०८ किलो प्रति तास, म्हणजे मिनिटाला १.८ किलो. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर मिनिटाला सुमारे २४३० सीसी, चार इंजेक्टरांत प्रत्येकी ६०८ सीसी. इंजेक्टर ८५ टक्के ड्यूटीच्या वर चालवू नये, म्हणून क्षमता हवी ७१५ सीसीची. मूळ इंजेक्टर ५६० सीसीच्या आसपासचे, त्यामुळे ते बदलणे भागच आहे. तुमचे १००० सीसी पेट्रोलवर आरामात पुरतील. इथेनॉलवर गणित बदलते. पेट्रोलचे आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७, ई८५चे (सुमारे ८५ टक्के इथेनॉलचे इंधन) ९.८. घनतेतला फरक धरला तर त्याच लॅम्डाला (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) सुमारे ४० टक्के जास्त इंधन आतून जावे लागते. ७१५ चे झाले १००० सीसी. म्हणजे ई८५वर तुमचे इंजेक्टर ४०० हॉर्सपॉवरला जेमतेम काठावर येतात आणि पंपाला तासाला २०० लिटरहून जास्त इंधन, तेही वाढलेल्या दाबावर, द्यावे लागते. इथेनॉलचा बेत पक्का असेल तर इंजेक्टर बसवण्याआधी हे एकदा ट्यूनरसमोर ठेवा.

मोठ्या इंजेक्टरचा त्रास फुल थ्रॉटलला होत नाही, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) होतो. दोन लिटरच्या या इंजिनाला आयडलला एका सिलिंडरमागे एका आवर्तनात जेवढे पेट्रोल लागते, तेवढे ५६० सीसीचा इंजेक्टर साधारण पावणेदोन मिलिसेकंदांत देतो, १००० सीसीचा एका मिलिसेकंदात. शिवाय इंजेक्टरला उघडायलाच वेळ लागतो, त्याला डेड टाइम म्हणतात. १४ व्होल्टला तो साधारण एक मिलिसेकंद धरा, आणि बॅटरीचे व्होल्टेज पडले की तो वाढतो. समजा, ईसीयूत भरलेला डेड टाइमचा आकडा ०.१५ मिलिसेकंदाने चुकला. फुल थ्रॉटलला बारा-चौदा मिलिसेकंदांच्या पल्समध्ये ती चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. आयडलला तीच चूक १५ टक्क्यांची होते. मग पंखा सुरू झाला, दिवे लावले, की इंजिन डगमगते आणि लोक म्हणतात ईसीयू खराब. ईसीयूचा यात काही दोष नसतो. इंजेक्टर घेताना व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता ज्यांच्यासोबत मिळतो असेच घ्या. तो तक्ता फ्लॅशमध्येही भरता येतो, स्टँडअलोनमध्येही. इव्हो ९च्या मूळ ईसीयूत इंजेक्टरचा आकार आणि डेड टाइम, दोन्हींची टेबले उघडतात.

याच ठिकाणी एक बारीक गोष्ट. इव्हो ९चे मूळ इंजेक्टर कमी रोधाचे आहेत आणि त्यांच्या वायरिंगमध्ये रेझिस्टरचा डबा आहे. तुम्ही घेतलेले इंजेक्टर जास्त रोधाचे असतील, आजकाल बहुतेक असतातच, तर तो डबा बायपास करावा लागतो. तो तसाच राहिला तर इंजेक्टर सुस्त उघडतात आणि वर सांगितलेला डेड टाइमचा तक्ता निरर्थक ठरतो.

हवा मोजण्याचे बघू. मूळ गाडीत कारमान व्होर्टेक्स तत्त्वाचा एअरफ्लो सेन्सर आहे. हवेच्या प्रवाहात अडथळा ठेवायचा, त्याच्यामागे भोवरे तयार होतात आणि त्यांची वारंवारता मोजून हवा किती गेली ते काढायचे. मूळ टर्बोवर हा सेन्सर उत्तम काम करतो. मोठ्या टर्बोवर एका टप्प्यानंतर त्याचे वाचन विश्वासाचे राहत नाही, आणि इनटेकच्या नळीत अडथळा म्हणून तो असतोच. शिवाय ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल मिटल्यावर जादा दाब सोडणारी झडप) बाहेर सोडला की मोजून झालेली हवा निघून जाते आणि गिअर बदलताना गाडी रिच होते, म्हणजे इंधन हवेच्या मानाने जास्त पडते. यावर उपाय स्पीड-डेन्सिटी: मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतला) दाब, हवेचे तापमान आणि आरपीएम यांवरून हवा काढायची. हे फक्त स्टँडअलोनमध्येच होते असा समज आहे, तो इव्होपुरता चुकीचा आहे. या ईसीयूवर जगभरातल्या हौशी मंडळींनी इतके काम केले आहे की स्पीड-डेन्सिटीचे पॅच उपलब्ध आहेत. ईसीयूफ्लॅश हे सॉफ्टवेअर आणि टॅक्ट्रिक्सची ओपनपोर्ट केबल घेऊन ईसीयू न उघडता फ्लॅश करता येतो. तुम्हाला बूस्ट वाचू शकणारा ३ किंवा ४ बारचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) आणि चांगला, चटकन प्रतिसाद देणारा हवेच्या तापमानाचा सेन्सर लागेल. मॅप सेन्सरचे आकडे निरपेक्ष दाबाचे असतात हे लक्षात ठेवा. ३ बारचा सेन्सर म्हणजे सुमारे २ बार बूस्टपर्यंतच.

म्हणून मी आत्ता फ्लॅश म्हणतो. तुमच्या पहिल्या टप्प्याला जे जे लागते ते मूळ ईसीयूत करता येते, आणि कारखान्यातल्या कॅलिब्रेशनचे जे वैभव आहे ते हातचे जात नाही. थंडीतली सुरुवात, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करणे, एसी लावल्यावर आयडल सांभाळणे, उंचावर गेल्यावर हवा विरळ होणे, या सगळ्यांवर कारखान्यातल्या इंजिनिअरांनी भरपूर वेळ घातलेला असतो. स्टँडअलोनवर ते सगळे तुमच्या ट्यूनरला नव्याने करावे लागते. त्यातही थंड सुरुवात सर्वात चिवट, कारण इंजिन पूर्ण थंड दिवसातून एकदाच मिळते. एकदा सुरू केले की त्या तापमानाची संधी दुसऱ्या दिवशीपर्यंत गेली. डायनोवर (गाडीची ताकद मोजायचे यंत्र) एका दिवसात फुल थ्रॉटलचा मॅप, म्हणजे ईसीयूतले तक्ते, होतो, थंड सुरुवातीचा होत नाही. स्टँडअलोनवाल्या कितीतरी गाड्या डायनोच्या कागदावर देखण्या असतात आणि सकाळी तीनदा स्टार्टर मारल्याशिवाय उठत नाहीत, ते यामुळे.

पिगीबॅकला मी इतका ठाम नकार का देतो तेही समजून घ्या. कारण हे कळले की ईसीयू विचार कसा करतो तेच कळते. जुन्या धाटणीचा पिगीबॅक मूळ ईसीयू आणि सेन्सर यांच्या मध्ये बसतो आणि सिग्नल वाकवतो. तुमच्या बाबतीत काय होईल? मूळ ईसीयूला वाटते इंजेक्टर ५६० सीसीचेच आहेत. प्रत्यक्षात १००० सीसीचे असल्याने गाडी भयंकर रिच होईल. ते टाळायला पिगीबॅक एअरफ्लोचा सिग्नल ५६ टक्क्यांवर आणतो. इंधन जागेवर आले, सगळे खूश. पण मूळ ईसीयू स्पार्कचे टायमिंगही त्याच हवेच्या आकड्यावरून ठरवतो. खरा लोड (दर आवर्तनातल्या हवेचा आकडा) २०० असताना त्याला ११२ दिसतो. तो टेबलात हलक्या लोडच्या रांगेत जातो आणि तिथले टायमिंग देतो, जे कित्येक अंशांनी जास्त अ‍ॅडव्हान्स असते. म्हणजे बूस्ट सर्वात जास्त असताना स्पार्क सर्वात लवकर. नॉक, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिनाला दणके बसणे, यासाठी याहून सोयीची परिस्थिती नाही. महागडे पिगीबॅक टायमिंगचा सिग्नलही मागे ओढतात, पण मग एका खोट्यावर दुसरे खोटे चढते. भरीस भर म्हणजे मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून शिकत असतो आणि काही दिवसांत तुमची दुरुस्ती स्वतःच्या ट्रिमने (इंधनाच्या बारीक दुरुस्तीने) पुसायला लागतो. मूळ ईसीयू उघडताच येत नव्हता त्या काळात अ‍ॅपेक्सीचा एसएएफसी, ग्रेडीचा ई-मॅनेज यांसारख्या डब्यांना अर्थ होता. ज्या ईसीयूची टेबले थेट उघडतात त्याला फसवायचे कशाला?

हाच प्रश्न थेट इंजेक्शनची नवी टर्बो गाडी असलेल्या वाचकालाही पडेल, म्हणून थोडे त्याबद्दल. तिथे माझे उत्तर जवळजवळ नेहमीच फ्लॅश असते. बॉशच्या एमई७ पासून पुढचे ईसीयू टॉर्कच्या भाषेत विचार करतात. तुम्ही पेडल दाबता ती टॉर्कची मागणी असते आणि तिच्यावरून थ्रॉटल, बूस्ट, टायमिंग ठरते. एबीएस, गिअरबॉक्स, डॅशबोर्ड, इमोबिलायझर, सगळे कॅन बसवर एकमेकांशी बोलत असतात. शिवाय २०० बारच्या वर चालणारा इंधन पंप आणि ६५ व्होल्टच्या आसपास उघडणारे इंजेक्टर. हे सगळे बाहेरच्या ईसीयूने सांभाळणे जमते, पण मोजक्याच कंपन्यांना आणि मोठ्या खर्चात. फक्त बूस्टचे टार्गेट वाढवून टॉर्कचे मॉडेल जसेच्या तसे ठेवणारी फ्लॅश मात्र घेऊ नका. ईसीयूला हिशेबापेक्षा जास्त टॉर्क दिसला की तो थ्रॉटल मिटतो आणि मालकाला वाटते टर्बो गेला. अशा गाड्यांवर बूस्टच्या सिग्नलवर चालणारे आधुनिक पिगीबॅकही मिळतात. मूळ टर्बोवर थोडी वाढ हवी आणि फ्लॅश उपलब्धच नसेल, तर ते चालतात. टर्बो बदलला की नाही.

आता तुमच्याकडे परत. स्टँडअलोनवर कधी जायचे?

पहिले कारण इथेनॉल. ई८५ या नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉलचे प्रमाण हंगामानुसार बरेच बदलते, आणि टाकीत आधीचे पेट्रोल उरलेले असते ते वेगळेच. म्हणून इंधनाच्या लाइनमध्ये फ्लेक्स सेन्सर बसवतात. तो वारंवारतेच्या रूपात सांगतो: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के इथेनॉल, १५० हर्ट्झ म्हणजे शंभर टक्के. त्या आकड्यावरून इंधन, टायमिंग, बूस्ट आणि थंड सुरुवातीचे इंधन, चारही गोष्टी आपोआप सरकायला हव्यात. मूळ ईसीयूच्या काही पॅचमध्ये याची सोय आहे, पण चांगल्या स्टँडअलोनमध्ये ती घरचीच असल्यासारखी बसलेली असते. थंड सुरुवातीचा भाग तर इथेनॉलवर फारच महत्त्वाचा, कारण गारठ्यात इथेनॉलची वाफ नीट होत नाही.

दुसरे आणि माझ्या मते मोठे कारण ट्रॅक. रस्त्यावर फुल बूस्ट काही सेकंदच टिकतो. ट्रॅकवर इंजिन लॅपमागून लॅप त्याच अवस्थेत असते, आणि बिघाड होतो तेव्हा तुमचे डोळे गेजवर नसतात. एक उदाहरण जवळून बघा. इंधनाच्या दाबाचा रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला जोडलेला असतो, त्यामुळे इंधनाचा दाब मॅनिफोल्डच्या दाबापेक्षा कायम ३ बार जास्त राहायला हवा. दीड बार बूस्टला रेलमध्ये (इंजेक्टरांना इंधन देणारी नळी) साडेचार बार हवेत. समजा, लांब वळणात टाकीतले इंधन एका बाजूला गेले, किंवा पंप तापून थकला, आणि हा फरक ३ वरून २ बारवर आला. इंजेक्टरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे इंधन १८ टक्क्यांनी घटले. ०.७८ लॅम्डाचे मिश्रण ०.९५ च्या घरात गेले, आणि तेही दीड बार बूस्टवर. पिस्टनला हे फार वेळ झेपत नाही. तुमच्या मूळ ईसीयूला यातले काहीच दिसत नाही, कारण इंधनाच्या दाबाचा सेन्सरच त्याला नाही. स्टँडअलोनला तो सेन्सर दिला की आधी तो कमी दाबाची भरपाई म्हणून पल्स लांबवतो, आणि फरक ठरलेल्या मर्यादेखाली गेला की बूस्ट काढून घेतो किंवा इंजिन कट करतो. ऑइलच्या दाबाचेही तसेच: आरपीएमनुसार किमान दाबाचा तक्ता द्यायचा, त्याखाली गेले की इंजिन बंद. बेअरिंग वाचतात. स्टँडअलोनचा खर्च मला फक्त या एका गोष्टीसाठी पटतो. आणि हे सेन्सर न बसवता स्टँडअलोन घेणाऱ्याला मी नेहमी सांगतो की पैसे साठवा, सगळे एकदमच करा.

स्टँडअलोन घेतला म्हणजे नॉकची जबाबदारी मात्र तुमच्याकडे येते आणि याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. मूळ ईसीयूला या इंजिनाचा आवाज ओळखीचा आहे. कोणत्या आरपीएमला व्हॉल्व्ह किती वाजतात, पिस्टन किती वाजतो, हे सगळे जमेस धरून त्याचा उंबरठा ठरवलेला असतो. स्टँडअलोनला नॉक सेन्सर जोडता येतो, पण जोडल्याने तो ऐकायला लागत नाही, त्याला शिकवावे लागते. आधी वारंवारता. १८०० ला पाय (३.१४) आणि मिलिमीटरमधला बोअर (सिलिंडरचा व्यास) यांच्या गुणाकाराने भागले की किलोहर्ट्झमध्ये अंदाज मिळतो. ४जी६३ चा बोअर ८५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६.७ किलोहर्ट्झ. तिथे यांत्रिक गोंगाट फार असेल तर दुपटीच्या आसपास ऐकतात. मग खिडकी: नॉक टीडीसीनंतरच्या (टीडीसी म्हणजे पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) साधारण १० ते ६० अंशांतच होतो, बाकी वेळी ऐकण्यात अर्थ नाही. मग प्रत्येक सिलिंडरचा वेगळा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा), कारण सेन्सर एक आणि सिलिंडर त्याच्यापासून कमी-जास्त अंतरावर. शेवटी, मुद्दाम मागे घेतलेल्या टायमिंगवर, म्हणजे नॉक नाही याची खात्री असताना, पूर्ण आरपीएमभर पार्श्वभूमीचा आवाज नोंदवायचा आणि त्याच्या वर उंबरठा ठेवायचा. फोर्ज्ड पिस्टन थंड असताना वाजतात, सैल झालेली हीट शील्ड वाजते, कडक इंजिन माउंट टाकले तर आणखी आवाज येतात. ट्यूनरला सरळ विचारा, "नॉक कंट्रोल कॅलिब्रेट करून देणार का, आणि कसे?" तो हेडफोन लावून इंजिन ऐकतो असे म्हणाला तर चांगली खूण. "आम्ही टायमिंग सेफ ठेवतो, नॉकची गरज नाही" असे म्हणाला तर दुसरा शोधा. पेट्रोल नेहमी सारखे मिळत नाही आणि हवा रोज सारखी नसते. आजचे सेफ टायमिंग सहा महिन्यांनी सेफ राहीलच असे नाही.

कोणता घ्यावा, यावर मी एक नाव देणार नाही. हॅल्टेक, लिंक, ईसीयूमास्टर, मॅक्सईसीयू, मोटेक यांपैकी कोणावरही तुमचे इंजिन उत्तम चालेल. तुमच्या गाडीच्या मूळ कनेक्टरात बसणारा प्लग-इन असेल तर तोच घ्या. वायरिंग कापून केलेला स्टँडअलोन फक्त रेस कारला किंवा मूळ हार्नेसच वाळून तडकला असेल तर. टर्बो गाड्यांमध्ये मी शोधलेले बहुतेक विचित्र बिघाड शेवटी वायरिंगच्या जोडात सापडतात: अर्थिंग वेगळ्या जागी घेतलेले, क्रँक सेन्सरच्या वायरचे शील्ड दोन्ही टोकांना जोडलेले, डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोड कंपनाने तुटलेला. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो, रसईएफआय हे खुले पर्याय मला मनापासून आवडतात, आणि ईसीयू आतून कसा चालतो हे शिकायचे असेल तर त्यांच्यासारखे शिक्षक नाहीत. पण रोजच्या वापरातल्या ४०० हॉर्सपॉवरच्या गाडीत ते तेव्हाच घाला, जेव्हा ट्यूनही तुम्ही स्वतःच करणार असाल आणि गाडी दोन महिने उभी राहिली तरी चालणार असेल.

घेताना इनपुट-आउटपुट मोजा. आजची गरज मोजू नका, शेवटच्या टप्प्याची मोजा: इंधन दाब, ऑइल दाब, फ्लेक्स, वाइडबँड (लॅम्डा मोजणारा सेन्सर), दुसरा हवा-तापमान सेन्सर, तीन पोर्टचा बूस्ट सोलेनॉइड, मायव्हेकचा सोलेनॉइड, एसी, दोन पंखे. इनपुट संपले म्हणून फ्लेक्स किंवा ऑइल दाब यांपैकी एक सोडावे लागणे फार वाईट. वाइडबँडचा कंट्रोलर आतच असेल तर उत्तम, कारण बाहेरच्या कंट्रोलरचा अ‍ॅनालॉग व्होल्टेज अर्थिंगच्या फरकाने थोडा सरकतो आणि तो सरकलेला आकडा खरा मानून सगळा मॅप बनतो. बाहेरचाच घ्यावा लागला तर कॅनवर बोलणारा घ्या. सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९ असावा. लॉगिंगची सोय मुळात आहे की वेगळे लायसन्स घ्यावे लागते तेही बघा.

एमिशन तपासणीचा मुद्दा विसरू नका. तुमच्याकडे तपासणी ओबीडी पोर्टमधून (ईसीयूची माहिती वाचायचे सॉकेट) होत असेल, तर बहुतेक स्टँडअलोन तिथे आवश्यक माहिती देत नाहीत आणि गाडी नापास होते. फ्लॅशमध्ये मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, चालू ठेवता येतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) काढून टाकणे किंवा त्याचे मॉनिटर बंद करणे रस्त्यावरच्या गाडीला बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे. चांगला हाय-फ्लो कॅट बसवूनही ४०० हॉर्सपॉवर मिळतात, तेव्हा ते करायची गरजही नाही.

ट्यूनरशी बोलताना एक गोष्ट लेखी ठरवा: मॅपची फाइल कुलूप न लावता तुम्हाला मिळणार की नाही. पासवर्ड टाकून मॅप बंद करण्याची पद्धत आहे. उद्या तो ट्यूनर गाव सोडून गेला, धंदा बंद केला, किंवा तुमचे पटले नाही, तर पंप बदलल्यावर तुम्हाला पहिल्यापासून पैसे मोजावे लागतील. मी कुलूप लावलेला मॅप घेऊ नका म्हणतो. पुढे, डायनोनंतर रस्त्यावरचे लॉग बघून दोन-तीन सुधारणा करून देणार का हेही विचारा. डायनोवर पंखा समोर असतो, उतार-चढ नसतात, गिअर बदलत नाही. रस्त्यावर हीट सोक होतो, म्हणजे उष्णता साचत जाते, आणि इंटरकूलरमधली हवा ट्रॅफिकमध्ये तापते. जो ट्यूनर फक्त पीक हॉर्सपॉवरचा कागद हातात देऊन पाठवतो, त्याने अर्धेच काम केलेले असते.

टर्बो बसवण्याआधी हे करा. वाइडबँड आजच बसवा आणि सध्याच्या, मूळ टर्बोवरच्या गाडीचे लॉग घ्या. तो तुमचा निरोगी इंजिनाचा संदर्भ असेल. बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर, इंजिन पूर्ण गरम असताना, तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून रेडलाइनच्या थोडे आधीपर्यंत फुल थ्रॉटलवर एकच सलग ओढ. त्यात आरपीएम, लोड, टायमिंग, नॉकसम (ईसीयूने टिपलेल्या नॉकचा आकडा), इंजेक्टर ड्यूटी, हवेचे तापमान, बॅटरी व्होल्टेज, बूस्ट आणि लॅम्डा असू द्या. त्यासोबत कंप्रेशन आणि लीक-डाउन टेस्टचे (सिलिंडर दाब किती धरतो ते सांगणाऱ्या) आकडे घ्या. आत्ताच मूळ बूस्टवर नॉकसम वर चढत असेल किंवा एखाद्या सिलिंडरचे कंप्रेशन पडलेले असेल, तर टर्बो खोक्यातच राहू द्या आणि आधी इंजिन उघडा. सगळे स्वच्छ निघाले तर लॉग घेऊन ट्यूनरकडे जा. टर्बो, इंजेक्टर, मॅप सेन्सर आणि पंप एकाच वेळी बसवा. पहिल्या दिवशी बूस्ट फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर ठेवा, आयडल आणि हलका थ्रॉटल नीट झाला, लॅम्डा स्थिर झाला, की मगच सोलेनॉइड जोडू द्या.